फाइल सर्व्हर रखडतोय? आधी मोजा, मग हात लावा

तुळशीचं लग्न लागलं की इंदापूर-बारामती पट्ट्यातल्या फोटो स्टुडिओंना पावसाळ्यापर्यंत उसंत नसते. वरकुट्यासारख्या गावातल्या लग्नातही आता दोन व्हिडिओ कॅमेरे, एक ड्रोन आणि हजारभर फोटो हे ठरलेलंच. हिशोब करून बघा. फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने होत असेल, तर एका तासाचे ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले की एका लग्नाचे ४५० जीबी. हळद आणि वरात वेगळी. एवढा माल पेनड्राइव्हवर नाचवता येत नाही. म्हणून जुन्या संगणकात नाहीतर पुण्याहून आणलेल्या सेकंडहँड सर्व्हरमध्ये चार-सहा डिस्क घालायच्या, त्यावर लिनक्स किंवा फ्रीबीएसडी टाकायचं आणि सगळ्यांनी मिळून तो साठा वापरायचा. पतसंस्था, कॉलेजची लॅब, एक्स-रे सेंटर, उसाच्या फडांचे ड्रोनने नकाशे करणारी मंडळी, यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हाच संसार असतो.

पाऊसकाळ निवांत जातो. मग ऐन सिझनमध्ये एडिटिंगला बसलेला पोरगा ओरडतो, ‘‘सर्व्हर स्लो झालाय!’’ तिथून पुढे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. कुणी रॅम वाढवा म्हणतं, कुणी सर्व्हर बंद-चालू करतं, कुणी व्हिडिओ पाहून चार सेटिंग एका दमात बदलून टाकतं. माझं सांगणं इतकंच, की नेमकं काय रखडतंय हे कळेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावू नका. आणि ते कळलं की बहुतेक वेळा सेटिंग बदलायची गरजच उरत नाही. केबल बदलावी लागते, डिस्क बदलावी लागते किंवा जागा मोकळी करावी लागते.

स्लो म्हणजे नक्की काय?

आधी विचारपूस. एकाच टेबलावरचा संगणक रखडतोय की सगळेच? एकच असेल तर सर्व्हरला सोडा, त्या संगणकाकडे आणि त्याच्या केबलकडे वळा. फाइल उघडायला वेळ लागतो, सेव्ह करायला, की फोल्डरची यादी दिसायला? कधीपासून? आदल्या दिवशी काय झालं होतं: वीज कडाडली, नवी डिस्क लावली, अपडेट घेतलं, की कुणी तरी जुन्या हार्डडिस्कवरचं पाच वर्षांचं सामान एकदम सर्व्हरवर ओतलं? दिवसभर रखडतो की ठरावीक वेळी? ही उत्तरं कागदावर लिहून घ्या. तोंडी राहिली की संध्याकाळपर्यंत बदलतात.

यातला सर्वांत महत्त्वाचा फरक एका मोठ्या फाइलीचा आणि हजारो बारक्या फाइलींचा. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा असलेला तुकडा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद जातात. त्याआधी वाचणारं डोकं योग्य पट्टीवर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. अशी एकेक उडी तेरा मिलिसेकंदांच्या घरात जाते आणि सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० उड्या होतात. हीच डिस्क सलग वाचायला लावली तर सेकंदाला दीडशे एमबी सहज देते. आता फोटोंच्या वीस हजार छोट्या झलक-फाइली असलेलं फोल्डर उघडा. प्रत्येकीला एक उडी धरली तरी चार मिनिटं गेली! इथे काहीच बिघडलेलं नाही, फिरत्या डिस्कचा स्वभावच तो आहे. मोठी क्लिप झपाट्याने येते पण फोल्डर रांगतं, अशी तक्रार असेल तर दुरुस्ती शोधत बसू नका. एडिटिंग सॉफ्टवेअरची कॅशे, प्रोजेक्ट फाइली आणि झलका एका छोट्या एसएसडीवर हलवा, मूळ चित्रीकरण फिरत्या डिस्कवरच राहू द्या.

सहा डिस्क आहेत म्हणजे सहापट उड्या मिळतील, हाही गैरसमज. रेड-झेड किंवा रेड-५ सारख्या, अनेक डिस्कांचा एक गट करणाऱ्या मांडणीत भांडवल जागेचं वाढतं. त्यातही झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या रेड-झेडमध्ये प्रत्येक तुकडा सगळ्या डिस्कांवर पसरलेला असल्यामुळे, विखुरलेल्या वाचनाला अख्खा गट साधारण एका डिस्कएवढाच वेग देतो. बारक्या फाइलींचं काम जास्त असेल तर दोन-दोन डिस्कांच्या जोड्या, म्हणजे मिरर, लावणं बरं. जागा निम्मी होते, पण काम उरकतं. उलट, सलग लिहिण्याचं काम असेल तर रेड-झेड झकास. आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिचे संकेत एकत्र करणारी सॉफ्टवेअर यंत्रणा लिनक्स संगणकांच्या समूहावर उभारलेली होती. तिथे काम सलग प्रवाहाचं. तुमचं काम कोणत्या जातीचं आहे हे डिस्क विकत घेण्याआधीच ठरवायचं असतं. दुकानदार मात्र फक्त टीबी सांगतो.

टेलला पाणी का येत नाही

इंदापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. कालव्याला पाणी सुटलं तरी टेलला पोचत नाही, तेव्हा शहाणा माणूस आपल्या चारीत फावडं मारत बसत नाही. वरपासून चालत येतो आणि पाणी कुठवर आहे ते बघतो. सर्व्हरचंही तसंच. डिस्क, फाइल सिस्टिम, मेमरी, नेटवर्क, समोरचा संगणक अशी ती वाट आहे आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र मोजणी करता येते.

पहिली मोजणी नेटवर्क बाजूला ठेवून थेट सर्व्हरवरच करा. आज कुणी उघडलेली नाही अशी एखादी मोठी व्हिडिओ फाइल घ्या आणि डीडी या आज्ञेने ती एकेक एमबीच्या तुकड्यांत वाचून डेव्ह-नलमध्ये, म्हणजे शून्यात, सोडून द्या. आज्ञा शेवटी वेग सांगते. तीच फाइल लगेच दुसऱ्यांदा वाचलीत तर ती मेमरीतून येईल आणि आकडा बघून उगाच हुरळून जाल. लिहिण्याची चाचणी डेव्ह-झीरोतल्या शून्यांनी करणारेही पुष्कळ. झेडएफएसवर कॉम्प्रेशन चालू असेल तर ती शून्यं डिस्कपर्यंत पोचतच नाहीत आणि वेग भन्नाट दिसतो. लिहिण्याची चाचणी खऱ्या फाइलीने घ्या, नाहीतर फिओ हे साधन वापरा.

सर्व्हरवर वेग ठीक आणि टेबलावर मात्र कमी, असं असेल तर दोष मधल्या तारेचा. इथे एक आकडा पाठ करून ठेवा: सेकंदाला ११ एमबी. कॉपीचा वेग नेमका ११च्या आसपास अडकून बसला असेल, ना वर ना खाली, तर गिगाबिटची तार १०० मेगाबिटवर उतरली आहे, असं बेलाशक समजा. धडधाकट गिगाबिटवर हाच आकडा ११०च्या आसपास असतो. असं का होतं? नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, १०० मेगाबिटचं काम चारांवर भागतं. एखादी तार उंदराने कुरतडली, क्लिपात सैल झाली किंवा पावसाळ्यात पत्र्यातून ठिबकलेल्या पाण्याने गंजली, की दोन्ही टोकं आपापसात तडजोड करून खालच्या वेगावर येतात. लाल दिवा लागत नाही, तक्रार येत नाही, नेटवर्क चालू दिसतं. लिनक्सवर एथटूल आणि फ्रीबीएसडीवर आयएफकॉन्फिग खरा वेग सांगतं. वळवाच्या पावसात वीज कडाडून गेली असेल तर स्विचचं पोर्टही बदलून बघा. निम्मं जळालेलं पोर्ट असा खेळ करतं. दोन टोकांमधला शुद्ध वेग मोजायला आयपर्फ आहे. त्यात डिस्कचा संबंधच येत नाही, त्यामुळे वाद मिटतो.

एक डिस्क सगळ्यांना थांबवते

सर्व्हरवरच वेग पडला असेल तर आयओस्टॅट काढा. लिनक्सवर ‘आयओस्टॅट -एक्स ५’ दिलं की दर पाच सेकंदांनी प्रत्येक डिस्कची ओळ येते. पहिला तक्ता सोडून द्या, ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या तक्त्यांत ‘अवेट’ नावाचे रकाने बघा: वाचायला किंवा लिहायला सांगितल्यापासून काम होईपर्यंत किती मिलिसेकंद लागले. फ्रीबीएसडीवर जीस्टॅट हेच दाखवतं.

समजा सहा डिस्क आहेत. पाचांचा अवेट १० ते १५ आणि एकीचा ४००. वापराची टक्केवारी पाचांची ३०, तिची १००. सापडला गुन्हेगार! गटातलं काम सगळ्या डिस्कांनी मिळून पुरं करायचं असतं, त्यामुळे एक मागे राहिली की पाचजणी तिची वाट बघत उभ्या. अशी डिस्क मेलेली नसते, म्हणून झेडएफएसची ‘झेडपूल स्टेटस’ ही आज्ञा सगळं आलबेल दाखवू शकते. ती एखादा खराब तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसलेली असते. घरगुती संगणकासाठी बनवलेल्या डिस्क असा प्रयत्न खूप वेळ करत राहतात; सर्व्हरसाठीच्या डिस्क काही सेकंदांत हात टेकतात आणि ते काम बाकीच्यांवर सोपवतात.

त्या डिस्कची कुंडली स्मार्टसीटीएल या आज्ञेने काढा. पाच क्रमांकाची नोंद म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे बदलायच्या रांगेत उभे असलेले. हे आकडे शून्यावर स्थिर नसून वाढत असतील तर डिस्क बदलायची वेळ झाली. १९९ वाढत असेल तर मात्र थांबा. तो दोष बहुधा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो. साधी केबल बदलायची सोडून नवी डिस्क आणणारे आणि नव्या डिस्कवरही तोच त्रास भोगणारे लोक कमी नाहीत.

१९४ म्हणजे तापमान. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि सर्व्हर असतो पत्र्याच्या खोलीत, कपाटात, झेरॉक्स मशीनच्या मागे. डिस्क ६० अंशांपर्यंत चालेल असं बहुतेक कंपन्या लिहितात, पण मी ४५ला धोक्याची रेघ मारतो. डिस्क तापली नाही तरी प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि दुपारी स्लो, सकाळी फास्ट अशी बुचकळ्यात टाकणारी तक्रार येते. पंख्यावरची धूळ ब्लोअरने उडवली तरी बराच फरक पडतो. मात्र सर्व्हर बंद करूनच, आणि पंख्याची पाती हाताने धरून.

डिस्क नवी आहे म्हणजे निर्दोष आहे, असंही नाही. काही डिस्कांत कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या पट्ट्यांवर लिहिलं जातं. त्याला एसएमआर म्हणतात. एखादी ओळ बदलायची तर शेजारच्या ओळीही पुन्हा लिहाव्या लागतात. थोडं लिहाल तोवर काही जाणवत नाही. अख्खं लग्न ओतलंत की अर्ध्या वाटेत वेग कोसळतो. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क याच पद्धतीच्या असल्याचं उघड केलं, तेव्हा जगभर बोंबाबोंब झाली. कारण ती मालिका स्टोरेज सर्व्हरसाठी म्हणूनच विकली जात होती. गटात डिस्क घालायची असेल तर मॉडेल नंबर तपासून, सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी पद्धत, लिहिलं आहे याची खात्री करूनच घ्या.

भरलेलं गोदाम

डिस्क ठणठणीत, तारा नीट, तरी रखडत असेल तर जागा बघा. भरत आलेली फाइल सिस्टिम मोकळे तुकडे हुडकत बसते आणि फाइल इकडे थोडी, तिकडे थोडी अशी विखुरते. हे आजचं नाही. १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये मार्शल कर्क मॅकुसिक यांनी नवी फाइल सिस्टिम आणली, तेव्हाच दहा टक्के जागा राखून ठेवायची सोय केली होती. लिनक्सवरची एक्स्ट-४ आजही पाच टक्के राखते. झेडएफएसवर ८० टक्के भरलं की सावध व्हा आणि ९०च्या पुढे जाऊच देऊ नका.

आता एक गंमत. पोरगा दोन वर्षांपूर्वीची लग्नं पुसतो, दोन टीबी गेले म्हणून खूश होतो आणि मोकळी जागा बघितली तर आहे तेवढीच! कारण स्नॅपशॉट. झेडएफएसने काल-परवा-महिन्यापूर्वीच्या अवस्था जपून ठेवलेल्या असतील, तर त्यांत अडकलेल्या फाइली पुसल्यावरही जागा सोडत नाहीत. ‘झेडएफएस लिस्ट -टी स्नॅपशॉट’ने यादी काढा आणि जुन्यातले जुने, नको असलेलेच काढून टाका. त्याआधी बाहेरच्या डिस्कवर प्रत आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फोनवरच्या ‘‘हो, आहे’’वर विसंबू नका. जागा दिसते पण नवी फाइल तयार होत नाही, असा उलटा प्रकार एक्स्ट-४वर घडतो. तिथे ‘डीएफ -आय’ने आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपलेत का ते पाहा.

मेमरीबद्दल फार लिहायचं कारण नाही. झेडएफएस रिकामी रॅम वाचनाच्या कॅशेसाठी वापरतो, त्यामुळे रॅम भरलेली दिसणं हा आजार नव्हे. व्हीएमस्टॅटमध्ये स्वॅपची ये-जा सतत चालू दिसली तरच काळजी. आणि डीड्युप्लिकेशन चालू करू नका. एकच फोटो दोनदा ठेवला तर जागा वाचेल हा मोह असतो, पण त्याची वही सांभाळायला दर टीबीमागे काही जीबी रॅम जाते आणि ती अपुरी पडली की प्रत्येक लिहिण्याबरोबर वही डिस्कवर शोधावी लागते. बंद केलं तरी आधी लिहिलेला माल तसाच राहतो, म्हणजे सुटकाही सहज नाही.

लाईट आणि घाई

लिहिणंच तेवढं रखडतं आणि वाचन सुरळीत आहे, असं असेल तर वीजपुरवठ्याशी त्याचं नातं असू शकतं. सेकंडहँड सर्व्हरमध्ये बहुधा रेड कार्ड असतं आणि त्यावर छोटी बॅटरी. बॅटरी शाबूत असेपर्यंत कार्ड स्वतःच्या मेमरीत लिहून ‘झालं’ म्हणतं आणि डिस्कवर सावकाश उतरवतं. बॅटरी वयाने किंवा उष्णतेने गेली की कार्ड हा धोका पत्करणं थांबवतं आणि प्रत्येक लिहिणं डिस्कवर पोचेपर्यंत थांबतं. ते योग्यच आहे, पण वेग एका रात्रीत कित्येक पटींनी पडतो. लाईट बराच वेळ गेल्यानंतर बॅटरी पुन्हा चार्ज होईपर्यंतही हेच घडतं. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरीची स्थिती बघायला दोन मिनिटं लागतात, आणि बॅटरी बदलता येते. बॅटरी नसतानाही कॅशे जबरदस्तीने चालू ठेवायचा पर्याय तिथेच दिसेल. तिकडे फिरकू नका.

नेटवर्कवरून फाइली देणारं एनएफएस आणि डेटाबेस प्रत्येक लिहिण्याची पावती मागतात, म्हणून तेही फिरत्या डिस्कवर मंद चालतात. यावर ‘सिंक बंद करा’, म्हणजे डिस्कवर पोचायची वाट न बघताच पावती द्या, असा सल्ला हमखास मिळतो. झेडएफएसमध्ये तसं केल्याने फाइल सिस्टिम मोडत नाही. पण लाईट गेली तर शेवटच्या काही सेकंदांतलं, ज्याची पावती दिली गेली तेही, हरवतं. लग्नाची क्लिप कार्डावरून पुन्हा उतरवता येईल. पतसंस्थेत दुपारी भरलेला हप्ता पुन्हा कुठून उतरवणार? तिथे वीज गेली तरी लिहिलेलं जपणारी एसएसडी वेगळा लॉग म्हणून लावणं हाच मार्ग, आणि यूपीएस असा, की बॅटरी संपण्याआधी सर्व्हरला रीतसर बंद व्हायला सांगेल. नुसता इन्व्हर्टर ते सांगत नाही.

ठरावीक दिवशीच रखडत असेल तर वेळापत्रक बघा. डेबियनवर सॉफ्टवेअर रेडची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि झेडएफएसची तशीच तपासणी, म्हणजे स्क्रब, दुसऱ्या रविवारी आपोआप सुरू होते. मध्यरात्रीनंतर सुरू झालेला स्क्रब मोठ्या साठ्यावर दिवसभर चालतो, आणि रविवारीच तर लग्नं दाट! ही तपासणी बंद करू नका, कामाचा जोर नसलेल्या वारी हलवा. रोजचा बॅकअप दुपारी चालत असेल तर तोही रात्री न्या.

शेवटी एक काम आजच करा, सर्व्हर ठीक चालतोय तेव्हाच. सलग वाचनाचा वेग, टेबलावर मिळणारा कॉपीचा वेग, प्रत्येक डिस्कचा अवेट, तापमान आणि भरलेली टक्केवारी कागदावर लिहून, तारीख घालून, कपाटाच्या दाराला चिकटवा. चांगल्या दिवसाचे आकडे हाताशी नसले तर वाईट दिवसाचे आकडे कशाशी ताडून बघणार? आणि बारामतीहून किंवा पुण्याहून माणूस बोलवायची वेळ आलीच, तर हा कागद, आजचे तेच आकडे, ‘झेडपूल स्टेटस’ आणि डीमेसग या आज्ञेने दिसणाऱ्या सर्व्हरच्या नोंदींच्या शेवटच्या पन्नास ओळी त्याला आधी पाठवा. निम्म्या वेळा तो निघायच्या आधीच फोनवर सांगेल, कोणती केबल बदलायची ते.